न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : टिळकांच्या जामिनापलीकडे

शिळाप्रेस

बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव मराठी वाचकाला साधारण दोन ठिकाणी भेटतं. एक, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, 'काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, मद्रास, १८८७' या ओळीत. दुसरं, टिळकांच्या चरित्रात, १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात जामीन देणारे न्यायमूर्ती म्हणून. दोन्हीकडे गृहस्थ एका वाक्यात येतात आणि निघून जातात. मला त्यांच्यात रस वाटू लागला तो तिसऱ्याच गोष्टीमुळे. मद्रासच्या अध्यक्षपदाला वर्ष व्हायच्या आत याच माणसाने काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूमसाहेब यांना पत्र लिहून 'काँग्रेस निदान पाच वर्षं स्थगित ठेवा' असं सुचवलं होतं. अध्यक्ष राहिलेल्या माणसाने असं का म्हणावं, हे समजून घ्यायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागते.

जन्म मुंबईचा, १० ऑक्टोबर १८४४. वडील तय्यब अली हे मूळ खंबायतच्या घराण्यातले व्यापारी, पंथाने सुलेमानी बोहरा. व्यापारात बरं चाललेलं असताना या माणसाने मुलांना शिकायला थेट विलायतेला धाडलं, हेच त्या काळात नवल. थोरले कमरुद्दीन तिकडून सॉलिसिटर होऊन आले. ती सनद मिळवणारे ते पहिले हिंदी. बद्रुद्दीन आधी दादा मखरांच्या मदरशात, मग एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १८६० साली, पंधराव्या वर्षी, बोटीत बसले. मध्येच डोळ्यांनी दगा दिला, १८६४ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुन्हा गेले आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई हायकोर्टात दाखल झाले तेव्हा तिथे दुसरा एकही हिंदी बॅरिस्टर नव्हता. हायकोर्टच जेमतेम पाच वर्षांचं होतं.

बॅरिस्टरकडे पक्षकार थेट येत नाही, काम सॉलिसिटरकडून येतं, आणि नावाजलेल्या सॉलिसिटर कंपन्या गोऱ्यांच्या. ते काळ्या बॅरिस्टरला ब्रीफ कशाला देतील? इथे सख्खा भाऊ सॉलिसिटर असणं कामी आलं. पण भावाच्या भरवशावर फार तर सुरुवात होते. पुढे उलटतपासणीत आणि ज्यूरीपुढे बोलण्यात त्यांचा जो दबदबा झाला तो त्यांचा स्वतःचा.

सार्वजनिक कामात ते सावकाश आले. १८७३ मध्ये म्युनिसिपालिटीवर निवडून गेले. मँचेस्टरच्या कापडावरची आयात जकात सरकार उठवू लागलं, तेव्हा १८७९ मध्ये विरोधाच्या सभेत बोलले आणि शहराच्या लक्षात आलं की हे कोर्टाबाहेरही बोलू शकतात. १८८२ मध्ये गव्हर्नरच्या कायदेमंडळावर नेमणूक झाली, १८८३ मध्ये गोऱ्या आरोपींचे खटले हिंदी न्यायाधीशांपुढे चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलाच्या वेळी टाउन हॉल गाजवला. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी असं त्रिकूट तेव्हापासून जमलं आणि १८८५ च्या जानेवारीत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. एक पारशी, एक सारस्वत, एक बोहरा, तिघेही वकील. या चित्राचं हल्ली फार कौतुक होतं. मला त्यात भाबडं काही दिसत नाही. एकाच बार लायब्ररीत बसणारी, एकमेकांची कुवत ओळखणारी ही माणसं होती आणि प्रत्येकाला आपल्या मागे कोण उभं आहे व कोण नाही याचा नीट हिशेब होता.

आता १८८५ चं डिसेंबर. गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं आणि तय्यबजी बंधू गैरहजर. ते खंबायतला होते. लगेच बोभाटा झाला की मुसलमान मुद्दाम दूर राहिले. ७२ प्रतिनिधींत मुसलमान होते दोन, रहिमतुल्ला सयानी आणि धरमसी, दोघेही मुंबईचे वकील. बद्रुद्दीननी तो आरोप खोडून काढला, पण जखम तिथलीच होती. दोन वर्षांनी मद्रासला त्यांना अध्यक्ष केलं त्यामागेही ही गोष्ट होतीच, हे उघड आहे. तिथल्या भाषणात ते म्हणाले ते थोडक्यात असं: सगळ्यांना समान लागू पडणाऱ्या सुधारणांच्या मागणीत कुठल्याही एका जमातीच्या पुढाऱ्यांनी बाजूला उभं राहावं असं हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती यांच्या आपसातल्या संबंधांत काहीही नाही.

हे भाषण होत असताना त्याच आठवड्यात लखनौला अलीगढ कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान नेमकं उलटं सांगत होते, मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावं म्हणून. पुढचा सगळा पेच तिथून सुरू होतो. पण माझी टंकायची शक्ती संपली. जाणकारांनी भर घालावी.

---

गुळपोळी

वाचते आहे. दोन शंका. सुलेमानी बोहरा म्हणजे आपल्याकडे दुकानं असतात ते बोहरीच ना? आणि पाच वर्षं बंद ठेवा म्हटल्यावर बाकीच्यांनी ऐकलं का?

शिळाप्रेस

@गुळपोळी, आपल्याला बाजारात भेटणारे बहुतेक दाऊदी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूच्या वारसाहक्कावरून फूट पडली, त्यातली छोटी शाखा सुलेमानी. म्हणजे मुंबईतल्या मुसलमानांत अल्पसंख्य असलेल्या बोहऱ्यांतही हे अल्पसंख्य. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण उत्तरेतले लोक हाच टोमणा मारत असत की हे व्यापारी गुजराती बोहरे कसले आमचे पुढारी.

ऐकलं नाही कोणी. १८८८ चं अलाहाबादचं अधिवेशन ठरल्याप्रमाणे जॉर्ज यूलच्या अध्यक्षतेखाली झालं, आणि मुसलमान प्रतिनिधी दोनशेच्या वर आले.

सनदी

उत्तम धागा. जामिनाबद्दल लिहितो, कारण 'तय्यबजींनी टिळकांना जामीन दिला' हे वाक्य आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात काय घडलं ते कळतच नाही.

टिळकांना अटक झाली २७ जुलै १८९७ ला. रँडचा खून महिन्यावर झालेला, पुण्यात जादा पोलीस बसवलेले, अँग्लो-इंडियन पत्रं रोज आग ओकत होती. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. मग हायकोर्टात अर्ज गेला तो न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे. हो, महादेव गोविंद रानडे. त्यांनीही तो फेटाळला, पुन्हा अर्ज करण्याची मोकळीक ठेवून. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला दिनशा दावर यांनी नव्याने अर्ज केला, आणि तेव्हा समोर होते न्या. तय्यबजी. अ‍ॅडव्होकेट जनरलने विरोध केला. तय्यबजींनी साधी कसोटी लावली: आरोपी खटल्याला हजर राहील की नाही? राहणार असेल, तर बचावाची तयारी त्याला तुरुंगातून करायला लावून न्यायाला काय मिळणार? जामीन मंजूर. द्वारकादास धरमसी जामीन राहिले.

यात एक गंमत चरित्रकार सहसा अधोरेखित करत नाहीत. खटला कशावर होता? १५ जून १८९७ च्या केसरीतल्या मजकुरावर, म्हणजे 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या अफझलखानाच्या वधावरच्या चर्चेचा वृत्तांत. अफझलखान मारला ते योग्य की अयोग्य, हा विषय. त्या मजकुराबद्दल अटकेत असलेल्या माणसाचा अर्ज, १८९३ ची मुंबईची दंगल चारच वर्षांमागची, आणि समोर मुंबई हायकोर्टाचे पहिले मुसलमान न्यायमूर्ती. त्यांनी मजकुराच्या खोलात न शिरता जामिनाचा प्रश्न जामिनापुरता ठेवला. वकिली पेशातल्या माणसाला याचं मोल कळेल.

पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. न्या. स्ट्रेची, नऊ जणांची ज्यूरी, सहा गोऱ्यांनी दोषी म्हटलं, तीन हिंदींनी निर्दोष, आणि अठरा महिने सक्तमजुरी. आणि १९०८? तेव्हा टिळकांसाठी जामीन मागायला उभे राहिले बॅरिस्टर जीना, आणि समोर न्यायासनावर तेच दिनशा दावर. जीनांनी दावरांचाच जुना युक्तिवाद त्यांच्यापुढे ठेवला. न्या. दावरांनी जामीन नाकारला आणि कारणं द्यायलाही नकार दिला.

मिरजमळा

सनदीसाहेब, रानड्यांनी जामीन फेटाळला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! टिळक-रानडे वाद धरून ठेवणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल.

सनदी

कोलीत कशाला. तो अर्ज खटला सोपवण्याआधीच्या टप्प्यावरचा होता आणि दार बंद केलेलं नव्हतं. त्यावरून रानड्यांना झोडायचं आणि तय्यबजींना डोक्यावर घ्यायचं, दोन्ही घाईचं होईल.

कोरा कागद

लेख छान, पण आरती फार झाली. थोडं कडू बोलतो.

१८८८ ला काँग्रेसमध्ये एक नियम झाला, तय्यबजींच्याच सूचनेवरून: हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने किंवा जवळजवळ एकमताने विरोध असेल तो विषय चर्चेलाच घ्यायचा नाही. म्हणजे नकाराधिकार. माणसाचं मत मोजायचं सोडून जमातीचं मत मोजायला काँग्रेसने इथे सुरुवात केली. पुढे १९०६ चं मुसलमान पुढाऱ्यांचं शिमला शिष्टमंडळ, १९०९ चे मुसलमानांसाठीचे स्वतंत्र मतदारसंघ, ते काँग्रेसने मान्य केलेला १९१६ चा लखनौ करार, सगळं याच वाटेवरचं नाही का? राष्ट्रीय मुसलमान म्हणून ज्यांचा गौरव करतो त्यांनीच हा पायंडा पाडला हे कुणी लिहायचं?

आणि 'पाच वर्षं बंद ठेवा' हे तर सरळ हात टेकणं झालं. सर सय्यदांनी डोळे वटारले आणि बॅरिस्टरसाहेब मागे सरले.

शिळाप्रेस

कोरा कागद, मुद्दा बिनतोड वाटतो पण मला तो पटत नाही. पत्रव्यवहार क्रमाने बघा.

लखनौच्या भाषणात सर सय्यदांचा युक्तिवाद आकड्यांचा होता. निवडणूक आली की मुसलमानाच्या एका मताला हिंदूंची चार मतं. एकाच्या हातात चार फासे आणि दुसऱ्याच्या हातात एक, असा खेळ. त्यावर फेब्रुवारी १८८८ मध्ये तय्यबजींनी त्यांना लिहिलं. सूर भांडणाचा नाही. त्यांचं म्हणणं असं की काँग्रेसमध्ये मुसलमानांना घातक काही होत असेल तर बाहेर राहून ते थांबत नाही, आत येऊन थांबवता येतं. विषय ठरवण्यात आपल्याला रोख लावता आली की झालं. सय्यदांचं उत्तर आलं की 'नॅशनल काँग्रेस' या शब्दांचा अर्थच मला कळत नाही. निरनिराळ्या जाती-धर्मांचं मिळून एक राष्ट्र होऊ शकतं असं तुम्हाला खरंच वाटतं का? कलकत्त्याचे मुसलमान पुढारी अमीर अली यांनीही हात आखडता घेतला.

म्हणजे तो नियम निघाला कुठून? आकड्यांच्या भीतीला उत्तर म्हणून. एक जागा राखीव मागितलेली नाही, एक वेगळा मतदार मागितलेला नाही. फक्त कार्यक्रमपत्रिकेवर कुलूप, आणि त्याची किल्ली हिंदूंकडेही तितकीच. गोहत्याबंदीचा ठराव आणायची खटपट काहीजण करत होते, तो याच नियमाने बाहेर राहिला असता. स्वतंत्र मतदारसंघात मुसलमान उमेदवाराला हिंदू मतदाराकडे जायची गरजच उरत नाही. तय्यबजींच्या नियमात दोघांना एका मंडपात बसल्याशिवाय गत्यंतर नाही. या दोन गोष्टी एका दोरीला बांधणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि ऑक्टोबर १८८८ चं ह्यूमना लिहिलेलं पत्र मला हात टेकल्यासारखं वाटत नाही, वकिलाच्या अभिप्रायासारखं वाटतं. ते म्हणतात, मुसलमान समाज समूहाने विरोधात असेल, तर तो बरोबर आहे की चूक हा प्रश्नच नाही. तेवढ्यानेच ही चळवळ सर्वांची राष्ट्रीय सभा राहत नाही. स्वतःला सय्यदांचं म्हणणं चूक वाटत असताना हे लिहायला वेगळी छाती लागते. सल्ला चुकला असेल. अलाहाबादच्या गर्दीने तो चुकला असंच त्या वर्षी तरी दाखवलं. पण 'माझं पटतं ना, मग बाकीचे गेले खड्ड्यात' असं त्यांनी केलं नाही.

दर्यावर्दी

मी कोकणी मुसलमान, रत्नागिरीकडचा. या धाग्यात अंजुमन-ए-इस्लामचं नाव अजून कसं आलं नाही?

काँग्रेसचं अध्यक्षपद तीन-चार दिवसांचं, पण अंजुमनमध्ये या माणसाने तीस वर्षं घातली. १८७४ ला स्थापना, कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन हे दोघे भाऊ, आणि आमचे नाखुदा महंमद अली रोगे. बोहरा, कोकणी, मेमन, दखनी, एकमेकांत सोयरीक न करणारे हे लोक एका संस्थेत बसवले. १८८० ला शाळा सुरू झाली. सीएसएमटी स्टेशनासमोरची घुमटवाली इमारत १८९३ ची. रोज लाखो लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. सरकारकडून जमीन आणि अनुदान मिळवायला बॅरिस्टरसाहेबांचं वजन कामी आलं. ते कायदेमंडळात होते, म्युनिसिपालिटीत होते, युनिव्हर्सिटीच्या सिनेटवर होते. राजकारणात जे मिळालं ते त्यांनी शाळेत ओतलं, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणायचे.

पण एक कुरकुर माझीही आहे. शाळेची भाषा उर्दू. तय्यब अलींनी स्वतःच्या घरात गुजराती सोडून हिंदुस्तानी आणली होती, मुलांनीही तेच पुढे नेलं. मुंबईत वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या मुसलमानांना बांधायला उर्दू सोयीची होती, हे मान्य. पण आमच्या घरात कोकणी-मराठी बोलली जायची. उर्दू ही शिकून घेतलेली भाषा. तीन पिढ्यांनी परिणाम असा की रत्नागिरीत मराठी मित्र विचारतात, 'तू मराठी इतकं चांगलं कसं बोलतोस?' आता याचं काय सांगायचं. हा दोष एकट्या बद्रुद्दीनचा नाही, पण पाया घातला गेला तो तेव्हा.

गुळपोळी

दर्यावर्दी, हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. स्वतंत्र धागा काढाच.

अष्टागरकर

थोडं अवांतर, पण आमच्या गावाकडचं.

अलिबागजवळ किहीमला तय्यबजींच्या गोतावळ्याचे बंगले होते. उन्हाळा-दिवाळीला सगळा कबिला मुंबईहून यायचा. या कुटुंबात एक रीत होती: घरात एक वही ठेवलेली, तिला म्हणायचे 'अखबार', आणि ज्याला वाटेल त्याने, बायकामुलांनीसुद्धा, त्यात रोजच्या घडामोडी लिहायच्या. किहीमच्या वह्या वेगळ्या, माथेरानच्या वेगळ्या. १९०० च्या आगेमागे मुसलमान घरातल्या बायका रोजनिशी लिहीत होत्या आणि पुरुष ती वाचत होते, हे मला त्या घराबद्दल सगळ्यात बोलकं वाटतं.

पक्षीतज्ज्ञ सलीम अली याच गोतातले. आईबाप लहानपणी गेल्यावर मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना खेतवाडीत वाढवलं. आणि सुगरण पक्ष्याचा त्यांचा गाजलेला अभ्यास आमच्या किहीमलाच झाला, १९३० च्या पावसाळ्यात, हातात नोकरी नव्हती तेव्हा. जंजिऱ्याच्या बेगम नाझली आणि त्यांच्या बहीण अतिया फैजी यासुद्धा याच वर्तुळातल्या.

मोगरी

बायकांचा विषय निघालाच आहे म्हणून. १९०३ मध्ये मुंबईत मुसलमानांची शैक्षणिक परिषद भरली. सर सय्यदांनी सुरू केलेली हीच ती परिषद; अध्यक्ष मात्र बद्रुद्दीन. आणि त्या व्यासपीठावरून ते पडद्याविरुद्ध बोलले. अलीगढच्या मंडळींना ते झोंबलं. घरी त्यांनी आधीच हे केलेलं होतं: मुलींना शाळेत घातलं, पुढे विलायतेलाही पाठवलं. त्याआधी १८९१ मध्ये मुलींचं संमतिवय दहावरून बारा वर्षं करणाऱ्या बिलालाही त्यांचा पाठिंबा होता. आता मजा बघा, त्या बिलाच्या सगळ्यात कडव्या विरोधकांत टिळक! सहा वर्षांनी त्याच टिळकांचा अर्ज यांच्यापुढे आला. सनदी म्हणतात ती 'जामिनाचा प्रश्न जामिनापुरता' ठेवायची शिस्त अफझलखानाच्याही पलीकडची होती.

कोरा कागद

मोगरीताई, हा धागा जोडणं आवडलं.

पण शिळाप्रेस, माझं समाधान झालेलं नाही. तुम्ही म्हणता कुलपाची किल्ली दोघांकडे होती. कागदावर होती. व्यवहारात हिंदू प्रतिनिधी इतके बहुसंख्य की त्यांना किल्लीची गरजच नव्हती. म्हणजे नियम एकतर्फीच, आणि 'मुसलमानांचं मत काय?' हा प्रश्न विचारण्याची सवय त्यातून लागली. आणि मत सांगणार कोण? सॉमरसेट हाउसमध्ये राहणारे बॅरिस्टर. वॉर्डन रोडवरची ती वास्तू, आज जिथे सोफिया कॉलेज आहे. मदनपुऱ्यातल्या जुलाह्याला कुणी विचारलं होतं?

सनदी

जुलाह्याला मेहतांनीही विचारलं नव्हतं आणि तेलंगांनीही. १८८७ च्या काँग्रेसमध्ये विणकर शोधणं म्हणजे हायकोर्टात भाजी शोधणं. हा आक्षेप एकट्या तय्यबजींवर का?

शिळाप्रेस

आक्षेपाचा पहिला भाग मात्र वजनदार आहे. त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे: अल्पसंख्याला नकाराधिकार द्यायचा नाही, वेगळा मतदारसंघ द्यायचा नाही, आणि तरी त्याने विश्वासाने आत यावं, तर त्याच्या हातात नेमकं काय द्यायचं होतं १८८८ मध्ये? तेव्हा मूलभूत हक्क नव्हते, संविधान नव्हतं, आधार होता तो फक्त राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातल्या शब्दाचा. तुम्ही सुचवा.

बाकी १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाल्यावर त्यांचं उघड राजकारण थांबलं. १९०२ मध्ये काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश होते. मुंबईत त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी. १९ ऑगस्ट १९०६ ला लंडनमध्ये हृदयविकाराने गेले. त्याच डिसेंबरात ढाक्क्याला मुस्लिम लीग स्थापन झाली.

अष्टागरकर

कोरा कागद यांच्या 'बंगल्यातले बॅरिस्टर' या मुद्द्यावर एकच नोंद. पुतणे आणि जावई अब्बास तय्यबजी बडोदा संस्थानात न्यायाधीश होते, अगदी साहेबी थाटाचे. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसच्या चौकशी समितीवर गेले आणि थाट उतरला. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धरासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. तेव्हा ते पंच्याहत्तरी ओलांडलेले होते, आणि आगारापर्यंत पोचायच्या आतच पोलिसांनी पकडलं.

कोरा कागद

अब्बास तय्यबजींपुढे नमस्कार. पण पुतण्याचं पुण्य काकांच्या खात्यावर जमा होत नाही, सनदी याला दुजोरा देतील.

शिळाप्रेस, तुमच्या प्रश्नावर विचार करतो. माझं उत्तर बहुधा प्रांतवार हक्क आणि सगळ्यांचा एकत्र मतदारसंघ असं काहीतरी असेल. पण मग मला दाखवावं लागेल की १८८८ च्या कायदेमंडळात निवडणूकच नव्हती, तिथे हे बसवायचं कसं. शनिवारी निवांत लिहितो.

सनदी

लिहा. आणि १८९२ च्या कौन्सिल कायद्यापासून सुरू करा, नाहीतर शिळाप्रेस पहिल्याच तारखेला हरकत घेतील.